चामड्याचा नवा सोफा: रुळणं आणि झिजणं यांतला फरक

चामड्याचा सोफा पहिल्यांदा घेणाऱ्याला दोनदा धाकधूक होते. घेताना वाटतं, हे खरं चामडं आहे ना? आणि घरी आणल्यावर दोन महिन्यांत बैठकीवर सुरकुत्या दिसल्या की वाटतं, आपण फसलो की काय? माझ्या अनुभवात पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळवणं सोपं आहे. दुसऱ्यात मात्र जाणतेही चुकतात. सुरकुत्या बघून घाबरणारी माणसं शिवणीशी ताणली गेलेली भोकं बघून गप्प बसतात. खरं तर व्हायला हवं उलटं.

मी घेतलेल्या पहिल्या सोफ्यावर ‘जेन्युइन लेदर’ अशी चिठ्ठी होती. तिसऱ्या वर्षी त्याच्या हातांवरून सालपटं निघायला लागली आणि खालून पांढरं कापड दिसलं. बैठक खरोखरच चामड्याची होती, हात आणि पाठीमागचा भाग मात्र रेक्झिनचा. दुकानात मी फक्त बैठकीवरून हात फिरवला होता. तेव्हापासून कुठलाही सोफा मी आधी मागून आणि खालून बघते, पुढून शेवटी.

आधी कातडं समजून घ्या

गाईबैलांचं कातडं काही मिलिमीटर जाड असतं आणि सोफ्याला लागतं साधारण १ ते १.२ मिलिमीटर. म्हणून कमावताना ते आडवं चिरून त्याचे थर वेगळे करतात. वरच्या थरात तंतू अगदी घट्ट विणलेले असतात आणि केसांची रंध्रं दिसतात. म्हणून हाच थर जास्त टिकाऊ असतो. खालच्या थराला ‘स्प्लिट’ म्हणतात. त्याचे तंतू सैल असतात, म्हणून त्यावर रंगाचा किंवा प्लास्टिकचा लेप देऊन वरच्या थरासारखा पोत दाबून उमटवतात. तेही चामडंच, पण सतत वाकणाऱ्या बैठकीवर ते फार काळ तग धरत नाही.

वरचा थर जसाच्या तसा ठेवला तर त्याला ‘फुल ग्रेन’ म्हणतात. डाग आणि ओरखडे घालवण्यासाठी तो वरून थोडा घासला आणि नवा पोत उमटवला, तर ते ‘करेक्टेड ग्रेन’. ‘टॉप ग्रेन’ हा शब्द दुकानात दोन्हींसाठी सैलपणे वापरला जातो, त्यामुळे तो ऐकल्यावर थांबून विचारा: वरून घासलंय की नाही?

‘बाँडेड लेदर’ हे नाव सगळ्यांत जास्त फसवतं. यात चामड्याचा चुरा गोंदासारख्या पदार्थात घोळवून कापडावर थापलेला असतो आणि वर पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा पातळ थर असतो. अखंड तंतू नसल्यामुळे त्याला ओढ सहन होत नाही आणि काही वर्षांत त्याचे पापुद्रे सुटू लागतात. सोफ्यासाठी ते घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा चांगल्या विणीचं साधं कापड घ्या.

‘जेन्युइन लेदर’ या शब्दांतून फक्त एवढंच कळतं की कुठेतरी चामडं आहे. कुठला थर, किती लेप आणि कोणत्या भागावर, यातलं काहीच कळत नाही. लेपाबद्दल युरोपीय प्रमाणक ईएन १५९८७ मध्ये एक स्पष्ट रेघ आखलेली आहे: वरचा लेप ०.१५ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर त्या वस्तूला नुसतं ‘चामडं’ म्हणता येत नाही, ‘लेप दिलेलं चामडं’ म्हणावं लागतं. तुम्ही कुठेही खरेदी करत असाल, तरी लेपाच्या जाडीचा प्रश्न विचारायला हा आकडा उपयोगी पडतो.

वरचा लेप कसला आहे?

सोफा पुढे कसा दिसेल हे कातड्याइतकंच या लेपावर ठरतं. ‘ॲनिलीन’ चामडं फक्त रंगात मुरवलेलं असतं, वर जवळजवळ काहीच नसतं. हाताला मऊ आणि कोमट लागतं, जुन्या जखमांचे व्रण आणि शिरांच्या रेषा स्वच्छ दिसतात. पाण्याचा थेंबही ते शोषून घेतं, उन्हात लवकर उतरतं, आणि डोकं टेकायच्या जागी तेल मुरून काळपट होतं. ‘पिगमेंटेड’ चामड्यावर रंगद्रव्याचा अपारदर्शक थर असतो. रंग सगळीकडे सारखा, स्पर्श थोडा गार, पण सांडलेलं पुसून घेता येतं. ‘सेमी-ॲनिलीन’ या दोघांच्या मधलं. वरचा थर खरवडून मखमली केलेलं ‘नुबक’ दिसायला सुरेख असतं, डाग मात्र सगळ्यांत लवकर धरतं.

ॲनिलीन सगळ्यांत उंची म्हणून तेच सगळ्यांत टिकाऊ, असा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. घरात लहान मुलं असतील, मांजर किंवा कुत्रा असेल, खिडकीतून थेट ऊन येत असेल, तर चांगल्या वरच्या थराचं पिगमेंटेड चामडं घ्या. ॲनिलीनवर पडणारे डाग तुम्हाला सुंदर वाटणार असतील, तरच ते घ्यावं.

दुकानात: सोफा पालथा बघा

गादीची चेन उघडा आणि चामड्याची आतली बाजू बघा. खऱ्या चामड्याची आतली बाजू लवदार, तंतुमय दिसते. विणलेलं कापड किंवा जाळी दिसली तर ते रेक्झिन किंवा बाँडेड. पण नुसती लव बघून निश्चिंत होऊ नका, कारण काही नकली मालालाही आतून लवदार अस्तर लावतात. म्हणून कापलेली कडही बघा. चामड्याच्या कडेला तंतू एकमेकांत गुंतलेले दिसतात. नकली मालात प्लास्टिकचा थर आणि कापड हे दोन थर वेगळे ओळखू येतात.

मग पाठ, हातांची बाहेरची बाजू, गादीची खालची बाजू, सगळं एकेक करून तपासा. जिथे अंग लागतं तिथे चामडं आणि बाकी सगळीकडे जुळणाऱ्या रंगाचं रेक्झिन, अशी जोडणी सर्रास होते. नवेपणी फरक कळत नाही. तीन-चार वर्षांनी चामडं आपल्या रंगाने उतरतं आणि रेक्झिन आपल्या, तेव्हा एकच सोफा दोन रंगांचा दिसतो. ही जोडणी वाईटच असं नाही, पण विक्रेत्याने ती आपणहून सांगायला हवी आणि पावतीवर कोणता भाग कशाचा हे लिहून मिळायला हवं.

पोताकडे लक्ष द्या. रंध्रं, सुरकुत्या, लहान डाग यांची तीच नक्षी दर वीतभर अंतरावर पुन्हा येत असेल, तर ती साच्याने उमटवलेली आहे. मूळ कातड्यावर मानेजवळच्या वळ्या, किड्यांच्या चाव्यांचे ठिपके, काटेरी कुंपणाचे भरून आलेले ओरखडे सापडतात. हे दोष नाहीत. भरून न आलेली, कडा उघड्या असलेली जखम मात्र बैठकीवर नको.

वासावर भिस्त ठेवू नका. चामड्याचा वास फवारूनही आणता येतो. काडी लावून बघायची जुनी युक्तीही सोडून द्या. वरचा लेप जळतो, धूर होतो आणि त्यातून धड काही कळत नाही.

आता एक चाचणी जी मला सगळ्यांत विश्वासार्ह वाटते. बैठकीचं चामडं दोन्ही अंगठ्यांनी एकमेकांकडे ढकला, म्हणजे वरची बाजू आत दुमडेल. बारीक, दाट, पुसट रेषा आल्या आणि सोडल्यावर विरल्या, तर चामडं घट्ट आहे. जाड, फुगीर, नळीसारख्या वळ्या आल्या तर वरचा थर खालच्यापासून सुटू लागलेला आहे. अशी सैल जागा बहुधा जनावराच्या पोटाकडची असते. पाठीचं कातडं घट्ट असतं, पोटाचं ताणतं. चांगला कारागीर पोटाचा भाग सोफ्याच्या मागे किंवा खाली लावतो, बैठकीवर कधीच नाही. कातडं कापणाऱ्याने किती विचार केला आहे, हे या एका गोष्टीवरून कळतं.

शिवण

कापडातून सुई गेली की धागे बाजूला सरकतात आणि भोक मिटतं. चामड्यात पडलेलं भोक कायमचं. म्हणून शिवणीशेजारी रिकामी भोकं दिसली, तर ती उसवून पुन्हा शिवलेली आहे आणि ती जागा कच्ची झाली आहे. टाके फार जवळजवळ असणंही चांगलं नाही. पोस्टाच्या तिकिटाच्या कडेला छिद्रं पाडतात ना, तशी ओळ तयार होते आणि चामडं तिथेच फाटतं. इंचाला सहा ते आठ टाके ठीक. दोरा पॉलिस्टर किंवा नायलॉनचा हवा. सुती दोरा घाम आणि दमट हवेने कुजतो.

शिवणीच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून हलकेच ओढा. दोरा थोडा दिसला तर हरकत नाही. भोकं लांबट होत असतील तर चामडं पातळ आहे किंवा आत फोम कोंबून ताण दिलेला आहे. अशा सोफ्याची शिवणच सगळ्यांत आधी जाईल.

आत काय आहे

चामडं कितीही चांगलं असलं तरी आतला फोम बसला की वरचं सगळं सैल पडतं. फोमची घनता विचारा, ती किलो प्रति घनमीटरमध्ये सांगतात. बैठकीसाठी ३५ ते ४० असेल तर बरं. २५ च्या आसपासचा फोम रोजच्या बसण्याला लवकर दबतो. विक्रेता ‘हार्ड आहे’, ‘सॉफ्ट आहे’ असं सांगेल, पण कडकपणा आणि घनता या वेगळ्या गोष्टी आहेत. कमी घनतेचा फोमही नवा असताना कडक लागू शकतो.

गादी उचलून खाली काय आहे ते बघा: झिगझॅग स्प्रिंग, पॉकेट स्प्रिंग की नुसते इलॅस्टिकचे पट्टे. पट्टे असतील तर ते आडवे-उभे एकमेकांत विणलेले आणि जवळजवळ हवेत. मोकळ्या जागेवर तळहाताने जोरात दाबा आणि कान द्या. करकर ऐकू येता कामा नये.

सांगाड्यासाठी सोफ्याचा पुढचा एक पाय वीतभर उचला. दुसरा पुढचा पायही लगेच उचलला गेला तर सांगाडा ताठ आहे. तो जमिनीवरच राहिला तर सांगाडा पिळवटतो आहे. वाळवलेलं टणक लाकूड किंवा चांगलं प्लायवूड चालेल. भुश्याच्या पाट्यांमध्ये स्क्रू पकड सोडतात.

नमुन्याचा तुकडा मागून घ्या

तुम्हाला हव्या त्याच रंगाचा, त्याच चामड्याचा तळहाताएवढा तुकडा मागा. शक्य असेल तर दोन घ्या. दुकानात जे करता येत नाही ते घरी करता येतं.

पांढरं सुती फडकं ओलं करून, पिळून, एका तुकड्यावर वीसेक वेळा घासा. पिगमेंटेड चामड्याचा रंग फडक्याला लागता कामा नये. गडद ॲनिलीन किंवा नुबकचा थोडा लागेल, पण फडकं माखलं तर तो रंग तुमच्या कपड्यांवर येणार. मग पाण्याचा एक थेंब टाकून पाच मिनिटं थांबा. थेंब वर राहिला तर लेप आहे, मुरला तर ॲनिलीन. वाळल्यावर कडा उरली का तेही बघा. नखाने हलकी रेघ ओढा आणि बोटाने चोळा. काही मऊ, तेल-मेण मुरवलेल्या चामड्यावर रेघ फिकट उमटते आणि चोळल्यावर विरते, तो त्यांचा स्वभाव आहे.

शेवटी तुकडा अर्धा पुठ्ठ्याने झाकून खिडकीत उन्हात ठेवा. दोन आठवड्यांनी पुठ्ठा काढून दोन भागांची तुलना करा. उन्हाला रंग किती टिकतो हे मोजण्याची एक ठरलेली मोजपट्टी आहे, तिला ब्लू वूल स्केल म्हणतात. त्यात १ म्हणजे सगळ्यांत लवकर उडणारा आणि ८ म्हणजे सगळ्यांत पक्का रंग. उत्पादकाकडे हा आकडा असतो आणि विचारल्यावर तो सांगता यायला हवा. दुसरा तुकडा कपाटात, अंधारात ठेवून द्या. तो पुढे लागणार आहे.

घरी आल्यावर पहिलं वर्ष

पहिल्याच दिवशी, कोणी बसायच्या आधी, फोटो काढा: प्रत्येक गादी वरून, हात, डोकं टेकायची जागा, चार-पाच शिवणी जवळून. शेजारी मोजपट्टी ठेवा. गादीची उंचीही मोजून लिहा. हे फोटो तीन महिन्यांनी आणि वर्षाने त्याच जागेवरून, दिवसाच्या त्याच वेळी पुन्हा काढा.

पहिल्या काही आठवड्यांत सोफा मऊ होणारच. फोमच्या सूक्ष्म कप्प्यांच्या भिंती उघडतात, चामडं अंगाच्या वजनाने थोडं ताणतं, बैठकीवर आणि कोपराच्या जागी घड्या पडतात. नवी चप्पल पायाला रुळते तसंच हे.

घडी आणि भेग यांतला फरक असा तपासा: दोन बोटांनी ती जागा अलगद ताणा. रेषा विरली किंवा तळाशी तोच रंग दिसला, तर ती घडी. तळाशी फिकट, कच्चा रंग दिसला तर लेप फुटला आहे. नव्या सोफ्यावर असं पहिल्याच वर्षी दिसलं तर तो मालाचा दोष आहे, तुमच्या वापराचा नव्हे, आणि तक्रार करायला कचरू नका.

गादीच्या मध्यावर झोळ आला तर दोष चामड्याचा की फोमचा, ते आधी शोधा. चेन उघडून फोम बाहेर काढा आणि सपाट जमिनीवर ठेवा. फोममध्येच खळगा असेल तर तो दबला आहे, बदलून मागा. फोम सपाट असेल आणि वरचं चामडं चिमटीत भरपूर येत असेल, तर चामडं ताणलं आहे. थोडं ताणलेलं रोज हाताने मागच्या बाजूला सारून नीट बसतं. तेवढ्याने भागलं नाही, तर फोमभोवती वेष्टण वाढवून खोळ पुन्हा भरता येते. कुशल कारागिराला हे अवघड नाही. कोणी न बसणाऱ्या कोपऱ्यातली गादी तुलनेला घ्या, उत्तर लगेच मिळतं.

पापुद्रा सुटला तर खाली काय आहे ते बघा. लवदार तंतू असतील तर चामड्यावरचा लेप गेला आहे आणि तो पुन्हा देता येतो. कापड असेल तर ते चामडं नव्हतंच, आणि त्यावर टिकेल असा इलाज नाही. पॉलियुरेथेनचा थर दमट आणि उष्ण हवेत, न वापरताही, आतून विघटित होत जातो.

चिकटपणाही लक्षात ठेवा. डोकं आणि तळहात टेकतात तिथे घाम आणि केसांचं तेल लेपात मुरतं, लेप मऊ पडतो. जुन्या सोफ्यावर हे समजू शकतं. नव्याकोऱ्या सोफ्याला हात चिकटत असेल तर तो घरात घेऊ नका.

शिवणीशेजारची भोकं गोलाची लांबट होणं, टाका तुटणं, नवी करकर, एका बाजूला कलणं, यांतली कुठलीही गोष्ट ‘रुळतंय’ म्हणून सोडून देऊ नका. ही झीज आहे आणि ती स्वतःहून थांबत नाही.

निगा, थोडक्यात

कमावलेलं चामडं किंचित आम्लधर्मी असतं. साबण, भांड्यांचं द्रावण, अमोनिया असलेले क्लीनर बहुधा अल्कधर्मी असतात आणि चामड्याचा तोल बिघडवतात. आठवड्याला कोरडं मऊ फडकं, गरज पडली तर पाण्यात पिळलेलं, आणि डागासाठी चामड्याचं म्हणून मिळणारं सौम्य क्लीनर, तेही आधी न दिसणाऱ्या जागी लावून बघून. घरातलं तेल, बुटांचं पॉलिश आणि बाळांचे ओले रुमाल सोफ्यापासून लांब ठेवा. पिगमेंटेड लेपातून तेल चामड्यापर्यंत फारसं जात नाही, ते वर राहून धूळ धरतं. हीटर किंवा शेगडीपासून निदान दोन फूट अंतर ठेवा, आणि नवी गडद जीन्स घालून फिकट सोफ्यावर बसणं टाळा. तिचा निळा रंग चामड्यात उतरतो. सुट्या गाद्या महिन्याला उलटा आणि जागा बदला. गाद्या जोडलेल्या असतील तर माणसांनी जागा बदलाव्यात.

हमीपत्र घेताना सांगाडा, फोम आणि चामडं यांची मुदत वेगवेगळी लिहिलेली असते. सांगाड्याची मुदत मोठ्या अक्षरांत आणि चामड्याची बारीक, असं आढळेल. बारीक भाग तिथेच उभं राहून वाचा आणि ‘नैसर्गिक झीज’ म्हणजे ते काय समजतात हे लिहून मागा.

वर्षाने कपाटातला तो तुकडा काढा आणि सोफ्याच्या हातावर, मग डोकं टेकायच्या जागेवर, मग खिडकीकडच्या बाजूवर ठेवून बघा. रोज बघून डोळ्यांना जो फरक कळत नाही, तो तिथे दिसेल. फक्त खिडकीकडची बाजू उतरली असेल तर पडदा लावा किंवा सोफा फिरवा. न वापरलेला, सावलीतला भागही उतरला असेल तर रंगच कच्चा आहे, आणि तेव्हा तो तुकडा आणि पहिल्या दिवसाचे फोटो घेऊन दुकानात जा.